धावफलकात नसलेले रकाने : कल्याण, जानेवारी २०१६

इतिहासाच्या साधनांची यादी करताना आपण बखरी, सनदा, पत्रव्यवहार, ताम्रपट यांच्यापाशी थांबतो. क्रिकेटच्या गुणलेखकाची वही त्या यादीत कोणी घेत नाही. वास्तविक, घटना घडत असतानाच आणि तिचा शेवट ठाऊक नसताना लिहिले जाणारे असे साधन क्वचितच दुसरे सापडेल. बखरकार लढाई संपल्यावर लिहायला बसतो, चरित्रकार नायक मोठा झाल्यावर. गुणलेखक मात्र पुढचा चेंडू पडण्याआधी मागच्या चेंडूची नोंद करून मोकळा होतो. त्याला विशेषणे वापरायची मुभा नसते. त्यामुळे या वहीवर आपला विश्वास चटकन बसतो, आणि तो बहुतांशी रास्तही असतो. अडचण येते ती वहीत ज्यांच्यासाठी रकानाच आखलेला नाही अशा गोष्टींची.

अशी एक वही ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणला लिहिली गेली. स्थळ वायले नगरातील युनियन क्रिकेट अकॅडमीचे मैदान, स्पर्धा मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली होणारा सोळा वर्षांखालील मुलांचा आंतरशालेय भंडारी चषक, संघ के. सी. गांधी स्कूल आणि आर्य गुरुकुल स्कूल. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला. त्यानंतर के. सी. गांधीच्या मुलांनी ३ गडी गमावून १४६५ धावा केल्या आणि डाव घोषित केला. त्यांपैकी नाबाद १००९ एकट्या प्रणव धनावडेच्या. वय १५ वर्षे, वडील कल्याणात रिक्षा चालवणारे. मुलाने ३९५ मिनिटांत ३२७ चेंडू खेळून १२९ चौकार आणि ५९ षटकार मारले. पहिल्या दिवसअखेर तो ६५२ वर नाबाद होता, म्हणजे इंग्लंडमधील एका शाळेत १८९९ साली झालेला ६२८ धावांचा विक्रम त्याच संध्याकाळी मोडला होता. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांच्या गाड्या मैदानाबाहेर लागल्या आणि कल्याण हे नाव, एरवी लोकलच्या खोळंब्यापुरतेच ज्याचा उच्चार व्हायचा, ते जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले.

ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. इतकी ठाऊक, की ज्या हंगामात ती घडली तो हंगाम, ती स्पर्धा, तो प्रतिस्पर्धी संघ यांपैकी कशाचीच आठवण राहिलेली नाही. माझ्या वर्गात मी एकदा विचारून पाहिले. धनावडे हे नाव बहुतेकांना आठवत होते, आकडा निम्म्यांना. समोर कोणती शाळा होती ते एकालाही सांगता आले नाही, आणि त्या वर्गातली बरीचशी मुले कल्याण-डोंबिवलीचीच होती.

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा हंगाम ही सव्वाशे वर्षांची जुनी व्यवस्था आहे. हॅरिस शील्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, गाइल्स शील्ड १९०१ मध्ये. पहिली सोळा वर्षांखालील मुलांची, दुसरी चौदा वर्षांखालील. पावसाळ्यात मोठ्यांची कांगा लीग चिखलात खेळली जाते. पाऊस सरला, दिवाळी झाली की शाळांचे सामने उभे राहतात आणि परीक्षांच्या तोंडावर संपतात. ज्या लॉर्ड हॅरिसचे नाव त्या ढालीला आहे तो १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच सुमारास एस्प्लनेडच्या मैदानावर युरोपीयांनी पोलो खेळावा की एतद्देशीयांनी क्रिकेट, असा मोठा वाद माजलेला होता. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने या झगड्याची हकीकत इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडते आणि मग आमच्या मुलांनी खेळायचे कोठे, असा तो एकंदर रोख होता. मैदान कोणाचे, या प्रश्नाने मुंबईच्या क्रिकेटचा आरंभ झाला आहे हे लक्षात ठेवले, तर पुढचे बरेचसे उलगडते.

कारण ही मैदाने सारी दक्षिणेकडे. आझाद, क्रॉस, ओव्हल; फार तर दादरचे शिवाजी पार्क. कल्याणहून मुंबईचे शेवटचे स्थानक सुमारे ५४ किलोमीटरांवर. रेल्वे ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये आणि कल्याणपर्यंत १८५४ मध्ये आली, म्हणजे गाडी क्रिकेटच्याही आधी पोहोचलेली. पण सकाळच्या गर्दीत खांद्यावर किट घेऊन त्या गाडीत शिरणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे पाहिले म्हणजे हे अंतर किलोमीटरांत मोजण्याचे नाही हे कळते. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि असाच प्रवास करून वर गेला, हे इकडचे पालक एकमेकांना सांगत असतात. अशा प्रवासात किती जण मध्येच उतरून गेले याची गणती कोठे नाही. कल्याणात सुभाष मैदान आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडासंकुल आहे. परंतु तेथे क्रिकेटखेरीज सभा, प्रदर्शने, उत्सव यांचाही वावर असतो. अशा ठिकाणी शालेय स्पर्धा भरवायची तर जे मैदान मिळेल त्यावर भरवावी लागते. वायले नगरच्या त्या मैदानाची एका बाजूची सीमारेषा जेमतेम तीस यार्डांवर होती, असे तेव्हाच्या वृत्तांतांत नमूद आहे.

हंगाम म्हणजे केवळ सामन्यांची मालिका नसते. मुलाला वर नेणारी ती शिडी असते आणि तिच्या पायऱ्या आकड्यांच्या असतात. २३ ते २५ फेब्रुवारी १९८८ या तीन दिवसांत आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. हॅरिस शील्डचा तो उपांत्य सामना होता. त्यानंतर शिडीची रीतच ठरून गेली. सर्फराज खान ४३९ (२००९), अरमान जाफर ४९८ (२०१०), पृथ्वी शॉ ५४६ (२०१३): दर दोन-चार हंगामांनी आकडा वर सरकत गेला. सामना जिंकण्यासाठी एवढ्या धावांची गरज नसते हे उघड आहे. पण निवड समितीच्या टेबलावर पोहोचण्यासाठी असते, किंवा तशी समजूत तरी असते. मुंबईच्या शाळकरी मुलाचा त्रिशतकी डाव त्यामुळे खेळापेक्षा अर्जासारखा अधिक दिसतो.

इथे एक दूरचे उदाहरण घेतो, कारण ते अनपेक्षितपणे जवळचे आहे. कॅनडात मुलांच्या आइस हॉकीला आपल्याकडच्या शालेय क्रिकेटचे स्थान आहे, किंबहुना त्याहून मोठे. वेन ग्रेट्स्की हा त्या खेळातला थोर खेळाडू. ब्रँटफर्ड या लहान गावात दहा वर्षांचा असताना १९७१-७२ च्या एकाच हंगामात त्याने ३७८ गोल केले. त्याचा परिणाम काय झाला? कीर्ती तर झालीच; पण इतर मुलांच्या पालकांचा रोष एवढा वाढला, की चौदाव्या वर्षी त्याला घर सोडून टोरांटोत दुसऱ्या कुटुंबात राहून खेळावे लागले. तिथल्या कुमार लीगमध्ये सोळा ते वीस वर्षांची मुले अशीच परगावी यजमान कुटुंबांत राहून हंगाम काढतात. सचिन तेंडुलकरही शारदाश्रमासाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला होता. काका दादरला असणे हीसुद्धा क्रीडागुणांइतकीच महत्त्वाची बाब असते, हे चरित्रांत एका वाक्यात उरकले जाते. असो. मला लक्षात आणून द्यायचे आहे ते वेगळेच. ३७८ गोल झाले याचा अर्थ, दहाएक वर्षांच्या कोणत्यातरी मुलांच्या जाळ्यात पक ३७८ वेळा गेला. आइस हॉकीत निदान गोलरक्षकाने किती गोल खाल्ले याचा हिशेब ठेवतात. क्रिकेटच्या वहीत क्षेत्ररक्षकाचे नाव त्याने झेल घेतला तरच येते. सोडला तर येत नाही.

आता पुन्हा कल्याणच्या वहीकडे वळू. १२९ चौकार आणि ५९ षटकार मिळून ८७० धावा होतात. म्हणजे पळून काढलेल्या धावा १३९. ही झाली प्रणवची बाजू. तीच बेरीज दुसऱ्या बाजूने करून पाहावी. १२९ आणि ५९ मिळून १८८. एका फलंदाजाच्या डावात १८८ वेळा चेंडू सीमेपार गेला आणि तितक्या वेळा तो कोणीतरी जाऊन आणला. दुसऱ्या टोकाच्या फलंदाजांनीही शतके केली होती. त्यांचे चेंडू वेगळे.

आणणारे कोण होते? आर्य गुरुकुलचे मोठे खेळाडू परीक्षेमुळे उपलब्ध नव्हते, म्हणून बारा वर्षांखालील मुले उतरवावी लागली, असे त्या शाळेच्या प्रशिक्षकांनी वार्ताहरांना सांगितले होते. त्यांच्यातील बरीच मुले सीझनच्या चेंडूने प्रथमच खेळत होती, असेही तेव्हा छापून आले. वीसेक झेल सुटले. जानेवारी महिना हा दहावीच्या पूर्वपरीक्षांचा महिना, हे आपल्यापैकी कोणाही शिक्षकाला सांगायला नको. क्रिकेटचा हंगाम आणि शिक्षणाचा हंगाम एकाच मुलावर एकाच वेळी हक्क सांगतात, तेव्हा मोठ्या भावाच्या जागी धाकटा उभा राहतो. वहीत मात्र स्पर्धा ‘सोळा वर्षांखालील’ अशीच लिहिलेली असते, आणि बारा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांखालील असतो हे खोटे नाही.

बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी मराठीत रुळवलेल्या क्रिकेटच्या परिभाषेत एक फार चांगला शब्द आहे: अवांतर. फलंदाजाच्या बॅटीतून न आलेल्या, तरीही बेरजेत धराव्या लागणाऱ्या धावांचा हा रकाना. त्या दोन दिवसांची सारी वस्तुस्थिती, म्हणजे मुलांची वये, सीमारेषेचे अंतर, सुटलेले झेल, परीक्षेचे वेळापत्रक, ही या अर्थाने अवांतर आहे. बेरीज तिच्यावाचून पूर्ण होत नाही, आणि तिच्यासाठी जागा तर नाही.

यावर काहींनी लगोलग असा निष्कर्ष काढला की विक्रमच खोटा. तो मला मान्य नाही. समोर कोणीही असो, ३२७ चेंडूंत चूक न करता उभे राहणे, सहा तासांहून अधिक काळ लक्ष ढळू न देणे, हे पंधरा वर्षांच्या मुलाचे कर्तृत्वच आहे. शिवाय मैदान वाकडे असल्याची तक्रार करणाऱ्यांनी ६२८ च्या विक्रमाचे मैदान पाहायला हवे होते. १८९९ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात आर्थर कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने तो डाव अनेक दुपारी मिळून खेळला. सामना शाळेतल्या दोन वसतिगृहांचा. त्या मैदानालाही एका बाजूची हद्द जवळ होती आणि तिकडे गेलेल्या चेंडूला दोनच धावा. दुसरीकडे उतार होता आणि तिकडच्या धावा पळून काढाव्या लागत. आकड्यात वीसेक धावा इकडेतिकडे असतील असे गुणलेखकांपैकी एकानेच म्हटल्याची आख्यायिका आहे. त्याच्या संघाच्या ८३६ धावा झाल्या. समोरच्यांच्या ८७ आणि ६१. या कॉलिन्सचा जन्म हिंदुस्थानातला, हजारीबागचा. शाळेत आला तेव्हा तो पोरका झालेला होता. पुढे तो सैन्यात गेला आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजी ईप्रच्या लढाईत मारला गेला.

क्लिफ्टनचे नाव इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणखी एका कारणाने परिचित असते. हेन्री न्यूबोल्ट हा कवी त्याच शाळेचा. त्याची ‘व्हिताई लॅम्पाडा’ ही कविता शाळेतल्या क्रिकेटच्या मैदानावरून थेट वाळवंटातल्या रणांगणावर जाते. हरत असतानाही खेळत राहावे, ही मैदानावरची शिकवण तिथे युद्धात कामी येते. एके काळी ती कविता साम्राज्यभरच्या शाळांत पाठ करून घेतली जाई. पुढे महायुद्धाच्या खंदकांनी तिचे तेज घालवले. तरी तिच्यातला संस्कार काही नाहीसा झालेला नाही. कल्याणच्या त्या लहान मुलांनी दोन दिवस मैदान सोडले नाही म्हणून त्यांचे कौतुक करणारे लेख आले, ते याच संस्कारातून. कौतुक योग्यच आहे. पण खेळत राहणे हा गुण ठरतो तो खेळणे थांबवण्याची मोकळीक असेल तेव्हा.

आणि ही मोकळीक कोणाला असते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान, रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर, मूळचे कोल्हापूरचे, नाबाद ४४३ वर होते. कमल भांडारकरांबरोबर त्यांची ४५५ धावांची भागी झाली होती. संघाच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या प्रथम श्रेणीतील विश्वविक्रमाला केवळ दहा धावा हव्या होत्या, बरोबरीला नऊ. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, डाव घोषित करा नाहीतर आम्ही घरी जातो असे सांगितले. आणि त्यांचा संघ खरोखरच सामना सोडून निघून गेला. निंबाळकर कधीच कसोटी खेळले नाहीत. ४४३ हा भारतीय फलंदाजाचा प्रथम श्रेणीतील सर्वोच्च डाव आजही तोच आहे.

मराठी क्रीडालेखनात ठाकोरसाहेब या कथेचे खलनायक आहेत, आणि मलाही ते थोर वाटत नाहीत. एक षटक थांबले असते तर काय बिघडणार होते! पण कल्याणच्या वहीनंतर मी ही कथा वाचतो तेव्हा त्यांच्या वागण्यातली दुसरी गोष्ट नजरेला येते. आपली फजिती किती वेळ चालू द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांना होता. ते संस्थानिक होते, प्रौढ होते, त्यांच्या मागे मोटारी उभ्या होत्या. वायले नगरच्या मैदानावरील बारा वर्षांच्या कर्णधाराला तो अधिकार कोणी दिला असता? सामना सोडणे हा शाळेचा निर्णय, डाव घोषित करणे हा समोरच्यांचा, सामना लावणे हा संयोजकांचा. मैदानावरच्या बावीस जणांपैकी एकाच्याही हाती तो नव्हता. १९८८ च्या सामन्यातही मैदानाबाहेरून डाव घोषित करण्याचे निरोप येत होते आणि फलंदाजी करणारी दोन मुले तिकडे पाहण्याचे टाळत होती, असे सांगतात. म्हणजे तिथे निदान कोणीतरी निरोप धाडत होते. कल्याणात पहिल्या दिवशी विक्रम मोडला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी डाव पुढे चालूच राहिला. चार आकडी धावसंख्या समोर दिसत असताना थांबा असे म्हणणे कठीण होते, हे मी समजू शकतो. तिथे असतो तर मीही, बहुधा, टाळ्याच वाजवल्या असत्या.

प्रणवला मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली, पाच वर्षांसाठी. शिडीवरच्या इतर काहींचे पुढे काय झाले ते दिसतेच: पृथ्वी शॉने २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात शतक केले, सर्फराज २०२४ मध्ये कसोटी खेळला. प्रणवच्या वाट्याला मात्र त्या आकड्याचे ओझे आले. प्रत्येक डावात लोक हजार धावांची वाट पाहू लागले. २०१७ मध्ये, धावा होत नाहीत म्हणून, त्याच्या वडिलांनी ही शिष्यवृत्ती थांबवावी असे पत्र असोसिएशनला दिल्याचे वृत्त आले. कमाईचे दुसरे मोठे साधन नसलेल्या घरातून असे पत्र जाते, तेव्हा त्या विक्रमाचा भार मारणाऱ्यावरही किती होता याची कल्पना येते. त्या अर्थाने मैदानावरचे कोणतेच मूल त्या दोन दिवसांतून हलके होऊन घरी गेले नाही.

के. सी. गांधी स्कूल एक डाव आणि १३८२ धावांनी जिंकले. निकालाची ही ओळ छापताना बहुतेक ठिकाणी आर्य गुरुकुलचा दुसरा डाव एका आकड्यात आवरला गेला. दीड दिवसाच्या क्षेत्ररक्षणानंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी, तीच मुले पुन्हा पॅड बांधून फलंदाजीला उतरली. पहिल्या डावात ३१ झाल्या होत्या. या वेळी ५२ झाल्या.